तळहाताची दिशा

दुआ मागताना तळवे वर होतात. काही मुलांचे होत नाहीत. आईच्या पोटात कोपराखालच्या दोन हाडांचा आरंभ एकाच कूर्चेतून होतो. साधारण सातव्या आठवड्यात ती वेगळी होतात. तसे घडले नाही, तर ती कोपरापाशी जुळलेलीच राहतात आणि तळहात बहुधा जमिनीकडे वळलेला राहतो. मग ग्रहणात सुनेने सुरी धरली होती काय, याची चौकशी सुरू होते. सातव्या आठवड्यात कित्येकींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. अंगणवाडीत, शाळेत जाऊन मुले तपासायची, ही त्याची रीत. त्याच्या मूळ यादीतील नऊ जन्मदोषांत वाकडे पाऊल आहे, हा हात नाही. तरी मुंब्र्याहून, कल्याणहून लोकलने परळचे वाडिया बाल रुग्णालय गाठता येते; ते १९२९ पासून आहे. अवघड आहे तो पुढचा निर्णय.

जुळलेली हाडे सोडवली तरी ती बहुधा पुन्हा जुळतात. म्हणून शल्यविशारद हाड कापून हात अधिक सोयीच्या कोनात फिरवतात आणि तिथेच पक्का करतात. हात वळता होत नाही. त्याची दिशा तेवढी बदलते. लिहायला तळहात खाली हवा, घास घ्यायला आणि ओंजळ धरायला वर. दोन्ही मिळत नाही. शिवाय सूज येऊन नसा आणि रक्तवाहिन्या दबण्याचा धोका असतो. वळण फार नसेल, तर मूल खांद्याच्या आणि मनगटाच्या हालचालीने काम भागवते. त्याला शस्त्रक्रियेची गरजही नसते.

मग ही दिशा कोणी ठरवायची? चारचौघांत डावा हात ताटात जातो, दुआचे हात वेगळे दिसतात, याची लाज मुलाला नसते, आपल्याला असते. दुआत तळवे वर करणे हा अदब आहे, दुआची अट नव्हे. आणि माजुराला सवलत आहे, हे आपण सारेच जाणतो. लोकांच्या नजरेसाठी लेकराचे हाड कापू नये. पण त्याला स्वतः जेवता येत नसेल, तोंड धुता येत नसेल, तर ‘नसीब’ म्हणून गप्प बसणे हीदेखील निष्ठुरताच. पाच-सहा वर्षांचे मूल आपले काय अडते ते सांगू शकते. डॉक्टरांआधी त्याला विचारावे.