जोडलेली पट्टी

सांगलीच्या गणपती पेठेत एका मामांचं तसबिरींना फ्रेम करायचं छोटं दुकान होतं. चित्र चौकटीत मावलं नाही की त्याची कड कापायची, ही या धंद्यातली जुनी रीत. मामांच्या वडिलांनी अशा कापलेल्या पट्ट्या टाकून न देता एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. मामांचा भाचा दुकानात काम शिकत होता. त्याचा हात इतका सफाईचा, की त्यानं जोडलेल्या कागदाचा जोड बोटालाही लागत नसे.

साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर या दुकानात नेहमी येत. त्यांना राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांचा नाद. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले, तरी त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती छापली जातच राहिली आणि घरोघरच्या देवघरांत पोचली. चित्र तेच, सहीही तीच. पण एक प्रत आधीची, दुसरी कितीतरी वर्षांनंतरची. हा फरक ओळखणं हेच मास्तरांचं काम.

भाच्याला ते हौसेनं शिकवत. “ही शिळाछपाई. प्रत्येक रंगाला चुनखडीचा वेगळा दगड. कारागीर दगडावर हातानं ठिपके काढायचे, म्हणून भिंगातून बघ, ठिपके लहानमोठे दिसतील. ऑफसेटवरच्या नकलेत ते एका ओळीत, शिस्तीत बसलेले असतात. आणि खालच्या कोऱ्या कडेवर बघ. छापखान्याचं गाव असतं तिथं. कुठं घाटकोपर, कुठं कार्ला-लोणावळा, कुठं मळवली. अमेरिकेत १९०९ ते १९११ मधली बेसबॉलपटूंची कार्डं जमवणारे लोक पाठीवरची सिगारेटची जाहिरात बघून छपाई ओळखतात. तसं आपलं हे गाव.”

मास्तरांकडे मळवलीची लक्ष्मी होती. घाटकोपरची, म्हणजे आधीची, नव्हती.

एकदा एका घरातून जुनी लक्ष्मी दुरुस्तीला आली. घरच्यांना ती परत नको होती. मामांनी रास्त पैसे देऊन ठेवून घेतली. कड कधीच कापलेली, त्यामुळे गाव कळेना. मामा परगावी गेले असताना भाच्यानं डबा उपसला, तर त्यात ‘घाटकोपर’ लिहिलेली एक पट्टी निघाली. कागद तसाच, जुनेपणाचा पिवळेपणाही तसाच. पट्टी नीट बसावी म्हणून त्यानं चित्राची खालची कड बोटभर कापली, पट्टी जोडली आणि कापलेला तुकडा डब्यात टाकला. ‘चित्र खरं, पट्टीही खरी, मग यात खोटं काय?’ असं त्यानं मनाशी म्हटलं.

मास्तरांनी चित्र पाहिलं आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. मागितले तेवढे पैसे देऊन ते चित्र साताऱ्याला घेऊन गेले.

काही महिन्यांनी मास्तर आले ते वही घेऊनच. “मोठा शोध लागला बघ. घाटकोपरच्या लक्ष्मीत कमळं पांढरट आहेत आणि मळवलीच्या प्रतीत गुलाबी. म्हणजे गुलाबी रंगाचा दगड नंतर वाढवला. आता कड कापलेली असली तरी कमळावरून छपाई ओळखता येईल. वाईच्या एका बाईंकडची लक्ष्मी मी अशीच तपासली. कमळं गुलाबी होती. उशिराची आहे म्हणून सांगितलं त्यांना.”

“मग त्यांनी काय केलं?” भाच्यानं विचारलं.

“वाळवी लागायला लागली होती. जुनी नाही म्हटल्यावर रद्दीत दिली.”

भाच्याचा चेहरा उतरला. त्यानं डब्यातून तो बोटभर तुकडा काढून मास्तरांपुढे ठेवला. हा भाग वर्षानुवर्षं चौकटीच्या पट्टीखाली झाकलेला होता. त्यावरच्या कमळाची पाकळी गडद गुलाबी होती. चित्र खिडकीसमोर टांगलेलं असणार. उन्हानं बाकीचा गुलाबी रंग उडवला होता. दगड तेवढेच होते. भाच्यानं सगळं सांगून टाकलं.

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चित्र खरं, पट्टी खरी, पण जोड खोटा. आणि मी भरवसा ठेवला तो जोडावरच. नुसतं मला फसवलं असतंस तर माझे पैसे गेले असते. पण हा नमुना होता रे. नमुन्यावरून नियम होतो आणि नियमावरून दुसऱ्याच्या घरातली वस्तू खरी की खोटी ते ठरतं. वाईची ती लक्ष्मी कुठली होती, हे आता कुणालाच कळणार नाही.”

तोवर मामा आले होते. त्यांनी मास्तरांचे सगळे पैसे परत केले आणि भाच्याला सांगितलं, “जोड सोडव. तुझ्याच हातानं.”

भाच्यानं पट्टी सोडवली. मास्तरांनी वहीतला नियम खोडला, पण पान फाडलं नाही. तो का चुकला ते शेजारी लिहून ठेवलं. चित्र, पट्टी आणि तुकडा तीन वेगळ्या पाकिटांत गेले. चित्राच्या पाकिटावर लिहिलं : ‘कड कापलेली. छपाईचे गाव माहीत नाही.’ त्या दिवसापासून दुकानात कुठल्याही चित्राची कड कापली गेली नाही. चित्र मावलं नाही, तर चौकट मोठी केली जाऊ लागली.

तात्पर्य : अपुरी वस्तू अपुरीच राहू द्यावी, ती निदान खरं बोलते. खोट्यानं पुरी केलेली वस्तू एकालाच फसवून थांबत नाही, तिच्या आधारानं पारखलेल्या प्रत्येक खऱ्या वस्तूवर अन्याय होतो. म्हणून ज्याच्या हातात कसब आहे, त्यानं ‘माहीत नाही’ असं लिहायचं धैर्य आधी शिकावं.