वाचा हरपते तेव्हा

घरातील वडीलधाऱ्या माणसाला अर्धांगाचा झटका येतो आणि कालपर्यंत घरभर घुमणारा आवाज एकाएकी थांबतो. भेटीस येणारी माणसे त्यांच्या उशाशी उभी राहूनच विचारतात, "यांना काही समजते का हो?" वाचा गेली म्हणजे जाणीवही गेली, असे आपण किती सहज गृहीत धरतो! परंतु मुखावाटे बाहेर पडणाऱ्या शब्दांवरून माणसाचे अंतरंग मोजण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. ऐन तिशीत त्याची वाचा गेली. त्याच्या तोंडून 'तां, तां' एवढाच ध्वनी उमटे. म्हणून सारे त्याला 'तां' म्हणू लागले. १८६१ च्या एप्रिलमध्ये पायाच्या दुखण्यामुळे तो शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्याकडे आला. "येथे किती वर्षे आहेस?" असे त्यांनी विचारताच त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखविले. २१ वर्षे! उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मात्र आपली परीक्षा चालली आहे हे त्याने ओळखले. तो संतापला आणि त्याच्या तोंडून देवाचे नाव घेऊन एक शिवी बाहेर पडली.

काही दिवसांतच तो वारला. त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागात ब्रोका यांना इजा आढळली आणि वाचाघाताच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. विज्ञानाने त्याचा मेंदू जपून ठेवला. आपण त्याचा संताप जपून ठेवावा, असे आम्हांला वाटते. 'मी परीक्षेची वस्तू नव्हे, माणूस आहे,' हेच त्या संतापाने सांगितले नाही काय?

आणखी एक कोडे उरते. ज्याला साधे वाक्य जुळविता येत नव्हते, त्याच्या मुखी शिवी कशी आली? इंग्रज मेंदुतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी त्याच शतकात दाखवून दिले, की विचार करून रचलेले बोलणे वेगळे आणि सवयीने आपोआप उमटणारे बोलणे वेगळे. पहिले हरपले तरी दुसरे कित्येकदा टिकते. अंकमोजणी, गाणी, शिव्या आणि पाठ असलेल्या प्रार्थना या दुसऱ्या प्रकारातल्या. म्हणूनच पत्नीला नावाने हाक मारू न शकणारा माणूस रोझरीच्या वेळी सर्वांबरोबर स्पष्ट स्वर मिसळू शकतो. आणि घरचे दुखावून म्हणतात, "प्रार्थना येते, मग आमच्याशीच का बोलत नाहीत? हट्टीपणा आहे झाले!" हा केवढा अन्याय! ती शिवी जशी त्याच्या पापाचे माप नव्हे, तसे हे मौनही त्याच्या प्रेमाचे माप नव्हे. आणि ती प्रार्थना? ओठ सवयीने हलत असतील. अंतःकरण कोठे आहे हे देव जाणतो. आपल्या धडधाकट ओठांविषयी तरी आपणांस याहून अधिक काय सांगता येईल?

अर्थात, अशा रुग्णाला सारेच पूर्ववत समजते, असे मानणेही चूक ठरेल. १९७६ साली कारामाझा व झुरिफ या अमेरिकेतील संशोधकांनी पाहिले, की मुलगा आणि सफरचंद यांच्यातले वाक्य अशा रुग्णांना उमगते, कारण सफरचंद मुलाला खात नाही. पण वाघ आणि सिंह यांच्यातले गुंतागुंतीचे वाक्य आले, की कोण कोणाचा पाठलाग करतो हे ठरविताना त्यांचा गोंधळ उडतो. काही रुग्णांची समज तर याहूनही अधिक बाधित होते. पण यातून त्यांना वगळण्याचा परवाना मिळत नाही. आपले बोलणे सोपे करण्याचे कर्तव्य मात्र आपल्यावर येते.

तेव्हा समोर बसावे, लहान वाक्यात विचारावे, बोटाने वा मानेने उत्तर देता येईल असे विचारावे. त्यांचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये. आणि मग थांबावे. उत्तर कदाचित उघडलेल्या पंजातून येईल; तो मोजण्याइतका धीर आपल्यापाशी हवा.