पुरता हिशेब

रबाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला पत्र्याच्या घरांची वस्ती. तिथं जालना जिल्ह्यातून आलेलं एक कुटुंब राहत होतं. मुलगा कारखान्यात कंत्राटी कामावर, सून सहा महिन्यांची गरोदर, आणि घरात शब्द चालायचा सासूचा.

एकदा आशाताई भेटीला आली, तर रक्तवाढीच्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागे जशाच्या तशा पडलेल्या. आरोग्य केंद्रात सुनेचं हिमोग्लोबिन 8 भरलं होतं. गरोदरपणात ते 11 तरी हवं. रोज दोन गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या.

"गोळ्यांनी लेकरू काळं होतं," सासू म्हणाली. "आमच्या येळंला कुठं होत्या गोळ्या अन् दवाखाने? चुलीम्होरं बाळंत झालो. झालीच की पोरं!"

आशाताईनं वाद घातला नाही. शेजारी बसत तिनं विचारलं, "मावशी, किती झाली?"

"सात."

"आणि राहिली किती?"

सासू गप्प झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चार."

मग कुणी न विचारताच ती सांगू लागली. थोरली पोर तिसऱ्या दिवशी दूध ओढेना, अंग गार पडलं, संध्याकाळी गेली. मधला सातव्या महिन्यातच झाला, रात्रभर जगला. शेवटच्या खेपेला पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, झटके आले. तालुक्याला पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं. त्या तिघांना नावंही नव्हती. इतक्या वर्षांत घरात कुणी त्यांचा विषय काढला नव्हता.

आशाताई म्हणाली, "बाळ दूध ओढत नाही, गार पडतं, ही धोक्याची खूण. बाईच्या अंगावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, ही रक्तदाब वाढल्याची. आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवतात. तुम्ही तर ते सोसलंय मावशी. सुनेवर तुमच्याइतकं लक्ष कोण ठेवील?"

त्या दिवसापासून सासू स्वतः गोळ्या काढून देऊ लागली. लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. सगळ्यांच्या मागून जेवणारी सून आता पहिल्या पंगतीला बसली. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथं सासू सोबत जाऊ लागली. कार्ड, कपडे आणि थोडे पैसे एका पिशवीत भरून ठेवले.

नववा महिना लागला. मुलगा रात्रपाळीला गेला होता, आणि सुनेचं डोकं ठणकू लागलं. "आत्याबाई, सकाळी हे आले की बघू," ती म्हणाली. सासूनं तिचे पाय चाचपले. सूज होती. ती सकाळची वाट पाहत बसली नाही. शेजारच्या पोराला उठवून 108 ला फोन करायला लावला आणि पिशवी काखोटीला मारली.

ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयात रक्तदाब वाढलेला निघाला. लगेच औषध सुरू झालं. पहाटे मुलगी झाली. पहिलं दूध पिळून टाकायचा घरचा रिवाज सासूनंच मोडला आणि तासाभरात बाळ छातीशी लावलं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही 42 दिवसांपर्यंत ठरल्याप्रमाणे येत राहिली. बाळ दूध ओढतंय, अंगानं उबदार आहे, हे तिला दारातच कळायचं; सासू आधीच सांगून मोकळी व्हायची.

पुढं वस्तीत कुणी गरोदर राहिली की ही बाई तिच्या घरी जाऊन बसे आणि आपल्या गेलेल्या तिघांविषयी सांगे.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचा अनुभव खरा असतो, पण तो पुरता सांगावा लागतो. जगलेल्यांसोबत गेलेल्यांचीही मोजदाद केली, तरच त्या अनुभवानं पुढचं लेकरू वाचतं.