आजीच्या डब्यातला रुपया घासलास कशाला?

बस खाली. सबबी सांगू नकोस. आजीने जपलेला राणीछाप रुपया चिंच लावून, वर तारेची घासणी फिरवून चकचकीत केलास, आणि आता मला विचारतोस, ‘सर, याचे लाख येतील ना?’ कुणी सांगितलं लाख येतील म्हणून? मोबाइलवर आलेल्या निरोपाने! इतिहासाच्या तासाला पहिल्या बाकावर बसतोस; पुरावा तपासायची वेळ आली तेव्हा कुठे गेला होतास?

‘१८६२ चा आहे, म्हणजे दुर्मीळ.’ एवढंच तुझं गणित. अरे, ते साल रुपयावर १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं. इतकी वर्षं टांकसाळींतून रुपये पडत राहिले आणि सगळ्यांवर १८६२ च! म्हणून तर लक्ष्मीपूजनाला घरोघरी तो निघतो. मुंबईच्या टांकसाळीने मात्र सालाजवळ बारीक ठिपके ठेवले. ते किती आणि कुठे आहेत यावरून जाणकार प्रकार ओळखतात, आणि त्यातले काही प्रकार खरोखर सहज मिळत नाहीत. तुझा त्यांतला होता का? आता भिंगाखाली धरलं तर ठिपक्यांपेक्षा तुझे ओरखडेच जास्त दिसतात. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळसर झाक म्हणजे मळ नव्हे. संग्राहक तीच आधी बघतो. ती गेली की नाण्याची किंमत घसरते, आणि पुन्हा ती आणता येत नाही.

वयाचं म्हणशील, तर १९३९ चा रुपया याच्याहून कितीतरी तरुण. तरी संग्राहक त्याच्यासाठी धडपडतात. का? १९४० साली रुपयातली चांदी जवळजवळ ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. आदल्या सालचे चांगल्या चांदीचे रुपये पाडले होते लाखांनी, पण बहुतेक वितळवले गेले असं मानतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घे. राजाच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेले होते. किती पाडले हे विचारून थांबू नकोस. किती उरले ते विचार.

घरचंच उदाहरण घे. शिवराई तीनशे वर्षांची असली तरी बाजारात मुठीने मिळते, कारण राज्याभिषेकापासून पेशवाई संपेपर्यंत आणि त्यानंतरही ती ठिकठिकाणी पाडली जात होती. शिवरायांचा सोन्याचा होन मात्र फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. राजा एकच, पण एक नाणं बाजारहाटातलं आणि दुसरं हाताच्या बोटांवर मोजावं असं. म्हणून मोल ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: उरली किती, अवस्था कशी, आणि हवी आहेत किती जणांना. तिसरी नसेल तर पहिल्या दोन असूनही गिऱ्हाईक मिळत नाही.

आणि हे दुसरं काय आणलंस? वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं! ते २०१२ सालचं, चलनात आलेलं. त्याला लाखो रुपये देणारा माणूस तुझ्याकडून आधी ‘नोंदणी शुल्क’ का मागतो, हा प्रश्न तुला पडला नाही? आणि हा राम-सीतेचा, कंपनीच्या नावाचा ‘१८१८ चा अर्धा आणा’? असं नाणं ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडलंच नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचं नाव वापरून शुल्क किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत.

मान वर कर आणि नीट उत्तर दे. त्या माणसाला पैसे पाठवलेस का? पाठवले असशील तर रात्रीपर्यंत दडवू नकोस, आत्ता बोल; १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त. नसशील पाठवले, तर त्याचा क्रमांक माझ्यासमोर बंद कर. आजीच्या डब्यातली उरलेली नाणी घासणीच्या जवळही नेऊ नकोस. उद्या ती मऊ कापडात गुंडाळून आण, कडेला धरून; आपण भिंग घेऊन एकेकाचं साल आणि त्याखालची टांकसाळीची खूण बघू.