उघडे दार आणि परके शस्त्र

रायपूर स्टेशनाच्या पलीकडे गुढियारीचा बाजार आहे. संध्याकाळी पाय मोकळे करावयास निघालेल्या माणसाने तिकडे जाऊ नये. पोती, हातगाड्या आणि हमाल ह्यांच्या गर्दीत चालणे कमी, थांबणेच अधिक होते. तरीही मी आणि न्यायखात्यातून निवृत्त झालेले माझे एक स्नेही मागे एकदा तिकडे गेलो. एका दुकानापुढे उभ्या असलेल्या मोटारीचे दार किंचित उघडे होते. आत कोणी नव्हते. स्नेही थांबले व म्हणाले, "समजा, ह्या सीटवर पिस्तूल पडले आहे आणि तुम्ही ते उचललेत. तुमचा गुन्हा कोणता?"

"चोरी," मी म्हणालो.

"आणि रात्रभर कुलपात ठेवून सकाळी ठाण्यावर द्यावे, एवढेच तुमच्या मनात असेल तर?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. दार उघडे टाकणाऱ्याने अर्धा दोष आपल्याकडे घेतला, अशी आपली एक सोयीची समजूत असते. कायद्याला ती मान्य नाही. भर रस्त्यात, कोणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर ती चोरी होत नाही, अपहार होऊ शकतो. हे उदाहरण १८६०च्या दंडसंहितेतच दिलेले होते. पण मोटारीतली वस्तू ही रस्त्यावरची वस्तू नव्हे. कुलूप नसले तरी ताबा मालकाचाच असतो, आणि निष्काळजीपणा म्हणजे संमती नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही साध्या चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे.

"परत करणारच होतो" हा बचाव तर आपणां सरकारी माणसांनी विशेष जपून वापरावा. अलवरच्या एका कार्यालय-अधीक्षकाने सचिवालयातील फाईल एका दिवसापुरती बाहेर नेऊन आपल्या मित्राच्या हाती दिली आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली. मधल्या वेळात मित्राने आतले कागद बदलले होते. १९६२ साली प्यारेलाल भार्गव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्यालाही चोरीच ठरविले: वस्तू कायमची न्यावी लागत नाही, अप्रामाणिक हेतूने, घटकाभर का होईना, दुसऱ्याच्या ताब्यातून काढली की पुरे. (फाईल घरी नेण्याची सवय असलेल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबण्यास हरकत नाही.)

परंतु आमच्या प्रश्नातल्या माणसाचा हेतू अप्रामाणिक नाही. तेव्हा तो चोर नाही. येथे आपण निःश्वास टाकतो, आणि नेमके येथेच शस्त्र-अधिनियम, १९५९ समोर उभा राहतो. तो अप्रामाणिकपणाची चौकशीच करीत नाही. परवान्यावाचून, जाणूनबुजून अग्निशस्त्र जवळ बाळगणे हाच त्याच्या लेखी गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर साध्या पिस्तुलासाठीही शिक्षा सामान्यतः दोन ते पाच वर्षांची. निषिद्ध जातीचे शस्त्र असल्यास ती सात वर्षांपासून सुरू होते. असा खटला भरण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते, हे खरे. म्हणजे आपल्या वाचकांपैकी एखाद्याच्या टेबलावर हा सज्जन एक कागद होऊन येण्याचा संभव आहे. त्या कागदावर त्याचा हेतू किती उमटलेला असेल?

मला हा कायदा प्रथम निष्ठुर वाटला. पुढे विचार केला तसा तितका वाटेना. हेतू मनात राहतो, पिस्तूल कपाटात राहते. त्या एका रात्रीत घरातल्या मुलाच्या हाती ते लागले, तर माझ्या सद्धेतूचा त्या मुलास काय उपयोग? तथापि एक प्रसंग मला सोडवीत नाही: मोटारीजवळ पोरे खेळत आहेत, एकाचा हात सीटपर्यंत पोहोचला आहे. तेथे हात आखडणारा मनुष्य कायद्याने निर्दोष ठरेल. मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावाने केलेल्या कृत्याला संहितेतही जागा आहे. पण ती त्या क्षणापुरती. शस्त्र हाती आल्यावर पुढचे पाऊल घराकडे पडते की ठाण्याकडे, ह्यावर सगळे अवलंबून.

आणि मालक? शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावरच असते, परवाना रद्दही होऊ शकतो. पण चोरावरील कलमांपुढे हे मला फारच सौम्य वाटते. त्याच्या विसराळूपणाने एका अपरिचिताला हा पेच घातला.

"मग तुम्ही काय कराल?" मी स्नेह्यांस विचारले.

"हात लावणार नाही. गाडीपाशी उभा राहीन, पोलिसांना बोलावीन, आणि ते येईपर्यंत हलणार नाही."

बोलता बोलता आम्ही त्या दारापाशीच उभे होतो. दहा-बारा मिनिटांनी मालक दुकानातून बाहेर आला, आम्हां दोघा म्हाताऱ्यांकडे संशयाने पाहिले, सीटवरची हिशेबाची वही तेथेच आहे ना ह्याची खात्री करून घेतली, आणि निघून गेला.