आजचं चिंतन : विहार (गीता ६.१७)



आजच्या श्लोकात भगवंत आहाराच्या जोडीनेच विहार सांगतात. कर्म, झोप, जाग नंतर. म्हणजे विहार हा सगळी कामं संपल्यावरचा बोनस नाही. जेवताना आपल्याला अपराधी वाटतं का? मग अर्धा तास एकटं फिरायला गेलं की का वाटावं? आणि हे सांगितलंय कोणाला, तर ऐन रणांगणात उभ्या अर्जुनाला!

अट एकच : 'युक्त', म्हणजे मापात. रात्री एकपर्यंत रील्स बघणं मला तरी विहारात बसत नाही. ते आदल्या श्लोकातलं अतिजागरण.

पण माप फक्त माझंच बघायचं का? माझ्या विहारासाठी घरात दुसऱ्या कोणाचा विहार बुडत असेल, तर तो 'युक्त' कसा? म्हणून आमच्याकडे मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी कुकर मी लावतो, बायको फिरायला जाते.