मोठा भाऊ दाराबाहेर

षड्रिपूंची नावे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि शेवटी मत्सर. पहिल्या पाचांवर कीर्तनातून पुष्कळ निरूपण होते. सहाव्यापाशी येईतो आरतीची वेळ झालेली असते. पण माळकऱ्याच्या घरात चोरपावलांनी शिरतो तो हाच सहावा. क्रोध आला तर चारचौघांत दिसतो, मनुष्य ओशाळतो. मत्सर येतो तो न्यायाचा अंगरखा घालून. "मला काही वाईट वाटलं नाही हो, पण काही रीत नको का?" असे तो आपल्याच तोंडून बोलतो.

या रिपूची खरी ओळख मला ख्रिस्ती धर्मग्रंथातील एका दृष्टान्ताने पटली. कोणी म्हणेल, महाराज, आपल्या घरी काय उणे होते? उणे काहीच नाही. पण रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायिली, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्याच पुलावरून आपण घर न सोडता घटकाभर पलीकडे पाहून यावे, यात बिघडते काय?

लूक याने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ही कथा आहे. येशू ख्रिस्त जकातदारांबरोबर आणि पापी म्हणून हिणवलेल्या लोकांबरोबर पंक्तीला बसतो, म्हणून तिथले शास्त्री व परूशी कुरकुर करू लागले. त्यांना त्याने हा दृष्टान्त सांगितला. एका बापाला दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन परदेशी गेला, सगळे उधळून बसला, डुकरे राखण्याची पाळी आली, तेव्हा शुद्धीवर येऊन परत फिरला. बापाने त्याला दुरून पाहिले आणि धावत जाऊन मिठी मारली. अंगावर वस्त्र, बोटात अंगठी, घरात मेजवानी. इथवरची कथा सर्वांना गोड लागते.

पण कथा इथे संपत नाही. मोठा भाऊ शेतावरून परत येतो. गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, कारण विचारतो, आणि दाराबाहेरच थांबतो. बाप स्वतः बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. त्यावर मुलगा हिशेब काढतो. इतकी वर्षे मी राबलो, तुझा शब्द मोडला नाही, पण मित्रांबरोबर आनंद करायला मला कधी साधे करडूही दिले नाहीस. आणि हा उधळ्या आला तर केवढा थाट! बघा, यात एकही गोष्ट खोटी नाही. तो खरोखरच राबला होता. म्हणूनच हा मत्सर ओळखायला कठीण.

अमरकोशात मत्सराचा अर्थ दुसऱ्याच्या शुभाचा द्वेष असा दिला आहे, आणि असूया म्हणजे गुणांवरही दोषाचा आरोप. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० साली झाली; त्याच्या सोळा वर्षे आधी, १२७४ साली, युरोपातला मोठा ख्रिस्ती पंडित थॉमस ॲक्विनास वारला. त्यानेही मत्सराचे लक्षण दुसऱ्याच्या चांगल्याबद्दल वाटणारे दुःख असेच केले आहे. म्हणजे मत्सरी मनुष्याला स्वतःचे काही गेल्याचे दुःख नसते. मोठ्या भावाच्या ताटातला घास कोणी काढून घेतला नव्हता. धाकट्याच्या ताटात पडला, एवढेच त्याला सोसेना.

मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आहे, तोही याच अंगाचा. धन्याने पहाटे लावलेल्या मजुरांना ठरलेली मजुरी दिली, आणि दिवस बुडताना आलेल्यांनाही तेवढीच दिली. पहाटेचे कुरकुरले. धन्याचे म्हणणे असे की, तुमचे मी काही बुडविले नाही. मी उदार आहे, हे तुमच्या डोळ्यांत का सलते? मत्सराचे मूळ इथे उघडे पडते. वरवर तो भावाशी वैर दिसतो. खाली खणून पाहा, ती देवाच्या औदार्याविरुद्ध तक्रार असते.

आता पूर्वपक्ष असा की, त्यांच्या जुन्या करारात, निर्गम नावाच्या पुस्तकात, देव स्वतःलाच ईर्ष्यावान म्हणवितो. मग भक्ताने मत्सर का टाकावा? उत्तर असे. मूळ हिब्रू शब्दाला ईर्ष्या आणि आवेश असे दोन्ही अर्थ आहेत. लेकरू भलत्याच्या मागे चालले तर आईचा जीव तुटतो. तिला कोणाच्या भल्याचे दुःख नसते. आपल्या लेकराची ओढ असते. आपण ज्याला अनन्यता म्हणतो, ती मागणारा हा आवेश आहे. भावाच्या भल्यावर जळणे वेगळे. पौलानेही करिंथकरांस लिहिताना प्रीती हेवा करीत नाही असे सांगितले आहे.

आता स्वतःचेच सांगतो, कारण दुसऱ्याचा मत्सर सांगणे सोपे. एका गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन कित्येक वर्षे माझ्याकडे असे. एका वर्षी ते एका तरुणाला दिले. दारू सोडून माळ घालून त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. मी तोंडाने "आनंद आहे" म्हणालो आणि पाय दुखतो या सबबीवर मंडपाबाहेर लिंबाखाली बसलो. आत टाळ-मृदंग चालला होता. गावकरी डोळे पुसत होते. आणि मी काय करीत होतो? त्याच्या चुका मोजत होतो. प्रमाण म्हणताना एक शब्द चुकला, तेव्हा मला बरे वाटले. अमरकोशातली असूया मी विद्यार्थिदशेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या लिंबाखाली लागला.

काला वाटताना म्हातारे विणेकरी बाहेर आले. माझ्या हातावर काला ठेवून म्हणाले, "महाराज, काल्यात आपली शिदोरी वेगळी काढता येत नाही." मी आत गेलो, त्या तरुणाच्या पाया पडलो. कंबर वाकली, मन वाकायला पुढे बराच काळ गेला.

मोठ्या भावाला बाप जे सांगतो, त्याचे मर्म असे की, तू तर सदा माझ्याजवळच आहेस. माझे ते सगळे तुझेच आहे. हा दृष्टान्ताचा गाभा होय. मुलाने घरात राहणे ही मजुरी मानली, म्हणून तो वेतन मागू लागला. बापाचा सहवास हेच वेतन रोज मिळत होते, ते त्याला दिसले नाही. मंडळी, आपण चाळीस वाऱ्या केल्या म्हणून पांडुरंगावर आपले काही येणे निघते काय? चंद्रभागेचे स्नान, नामाचा गजर, संतांची संगत ही जर मजुरी वाटली, तर काल आलेल्याला अधिक मिळाले असे दिसणारच. तेच जर मिळकत वाटली, तर चाळीस वर्षे आपणच खात आलो. तो बिचारा उपाशी होता.

उपाय पतंजलींनी सांगून ठेवला आहे. पुण्यवंताला पाहून मुदिता, म्हणजे प्रसन्नता धरावी. ती आपोआप येत नाही, अभ्यासाने येते. आणि तो अभ्यास आपल्या संप्रदायाने लावून दिला आहे. वारकरी भेटला की वारकरी त्याच्या पाया पडतो. नवा-जुना, लहान-थोर पाहत नाही. ज्याच्याविषयी मनात सल आहे, त्याच्या पाया आधी पडावे.

मोठा भाऊ शेवटी आत गेला की नाही, हे ख्रिस्ताने सांगितले नाही. कथा दाराशीच थांबते. ती पुरी करणे आपल्याकडे आहे.

रामकृष्णहरि.